दमलेला माणूस हवा

आमच्या शिरूरच्या गल्लीतली ही पोरगी घटकाभर एका जागी उभी राहत नाही. मोबाइलवर शूटिंग करताना तेवढी श्वास धरून थांबते. फिल्मचं शिकायला प्रवेश हवा, तर स्वतःची छोटी फिल्म पाठवायची होती. तिला शिफ्ट संपवून परतणारा कामगार दाखवायचा होता. आधी मला घेतलं. मी जन्माचा दमलेला, पण कॅमेऱ्यापुढं दमणं जमेना.

“काका, वरातीत निघाल्यासारखं काय चालताय?”

मग स्वतःच्या वडिलांना सांगितलं. ते रांजणगावच्या कंपनीच्या बसमधून भांग पाडून, हसत उतरले.

शेवटच्या दिवशी तिनं त्यांना न सांगता आमच्या गच्चीवरून शूटिंग केलं. ते बसमधून उतरले, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पुलाच्या कठड्यावर बसले, बूट काढून बराच वेळ पाय चोळत राहिले. मग चेहरा पुसून, हसू आणून घराकडं निघाले.

“हाच तुझा माणूस!” मी म्हणालो.

तिनं ते दोनदा पाहिलं आणि डिलीट केलं.

“येडी का गं? आज शेवटची तारीख हाय!”

“पप्पा रोज हसतच घरात येत्यात, काका. मला हे म्हाईतच न्हवतं.”

तिनं भांगवाली फिल्म पाठवली. आता निकालाची वाट बघत दिवसभर गल्लीत येरझाऱ्या घालते. बसची वेळ झाली की मात्र आत जाते आणि पुलाकडची खिडकीसुद्धा लावून घेते.