परतीचं काय ठरलं?

कुठंही निघायचा विषय निघाला की आमचे सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "परतीचं काय ठरलं?" मग लग्न असो, देऊळ असो, नाहीतर कोपऱ्यावर कॉफी प्यायला जायचं असो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, जायच्या उत्साहावर पाणी ओतणारं.

तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. टाकीत माणूस उतरवायचा असला की तो बाहेर कसा येणार, हे त्यांना नीट सांगितल्याशिवाय ते सही करत नसत. त्यांच्या काळात आमचा एकही माणूस आत राहिला नाही, हे कबूल करायलाच हवं. पण रिटायर झाल्यावर तरी माणसानं डोक्यावरचं हेल्मेट काढावं की नाही?

अण्णा नगरला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. ते मूळचे तंजावरकडचे, त्यामुळे त्यांचं मराठी तमिळ हेल काढत चालायचं. त्यांच्या बायकोला सगळी बिल्डिंग मामी म्हणायची.

मग मामी पडल्या. टी. नगरला साडीच्या दुकानाच्या पायरीवर गर्दीत धक्का लागला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मामी गेटबाहेर पाऊल टाकीनात. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन बजावलं, की आता चालल्या नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत.

तेव्हाच पुण्याहून लेक यायची होती. तिनं फोनवर सुचवलं, की सगळे मिळून तळ्यावर जाऊ. शहराबाहेरच्या त्या तळ्याच्या काठानं सपाट पायवाट आहे, झाडांची सावली आहे. आईला जमेल इतकी सोपी वाट.

सोपी म्हणे! सरांनी जेवणाच्या टेबलावर ताट उपडं घातलं. ताट म्हणजे तळं, भोवतीचे चमचे म्हणजे बाकं, मिठाची बरणी म्हणजे गाडी. रोज सकाळी ते एकटेच जाऊन ती वाट चालून येत आणि संध्याकाळी मला बोलावून चमचे हलवत बसत. इथं झाडाचं मूळ वर आलंय. इथून गाडीपर्यंत उचलून आणायची वेळ आली तर कोण उचलणार? मामी स्वयंपाकघराच्या दारात वॉकर धरून सगळं ऐकत उभ्या असायच्या.

एक रविवार टळला, वाट ओली आहे म्हणून. दुसरा टळला, गर्दी असेल म्हणून. लेक येऊन राहिली, तिची सुट्टी संपत आली. मामींचे पाय सुजू लागले. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. मला सगळं दिसत होतं, पण त्यांना सांगणार कोण?

सांगितलं मामींनीच. टेबलाशी आल्या, एका हातानं चमचे गोळा केले आणि म्हणाल्या, "तुमच्या परतीच्या काळजीनं माझं जायचंच राहतंय. उद्या मी चालले."

दुसऱ्या दिवशी निघताना घडीची खुर्ची तेवढी सरांनी काखेत मारली.

तळ्यावर मामी काठी टेकत पुढे, शेजारी लेक, मागे सर आणि मी. वळणावर मागून एक सायकल आली, घंटी न वाजवता. मामी दचकल्या आणि काठी हातातून सुटली. लेकीचा हात पोचायच्या आत त्या एका बाजूला कलल्या. मी धावलो. पण मामींनी झाडाचं खोड घट्ट धरलं आणि उभ्या राहिल्या. लेकीनं काठी उचलून दिली. ती घेऊन त्या पुढे चालू लागल्या.

मी मागे पाहिलं. सरांनी खुर्ची उघडली होती आणि तिच्यात स्वतःच बसले होते. इतकी वर्षं टाकीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस, पण असं भेदरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तू जा तिच्याबरोबर," ते म्हणाले. "माझ्या पायांत बळ नाही." पण त्यांना तसं सोडून जाववेना, मी तिथंच थांबलो.

पुढच्या वडापर्यंत गेल्यावर सर मागे राहिल्याचं मामींच्या लक्षात आलं. त्या वळल्या. लेकीला तिथंच थांबायला सांगितलं आणि एकट्या, काठी टेकत टेकत, ती सगळी वाट मागे आल्या. सर उठायला गेले तर मामींनी हातानंच त्यांना बसायची खूण केली. खुर्चीशी येऊन त्या उभ्या राहिल्या. चांगलीच धाप लागली होती.

"आले की नाही परत?" त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले.

गेल्या वर्षी सर गेले, झोपेतच. परतीचं न विचारता ते एवढ्या एकाच ठिकाणी गेले असतील.

मामी अजून रविवारी तळ्यावर येतात. घडीची खुर्ची मी घेतो. वळणावर ती उघडून ठेवायची आणि कुणी बसायचं नाही, हे न बोलताच ठरून गेलंय. मामी वडापर्यंत जातात, वळतात आणि खुर्चीपर्यंत परत येतात. तिच्या पाठीवर हात ठेवून जरा थांबतात. मग आम्ही घरी येतो.