नीलामावशी आणि यादीतली नावं

सोमवार, २९ एप्रिल २०२४. श्रूजबरी. सकाळी ऊन, दुपारनंतर पाऊस. ड्राइव्हवेच्या कडेचे डॅफोडिल आडवे झाले. दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यावर टाकली. अडीच वाजता अनुष्काचा फोन. माझ्या कागदांवरच्या चाळीस सह्यांपैकी चौदा बाद. उद्या पाचपर्यंत मुदत. चूक माझी आहे.

एवढं लिहून नीला घारपुरे यांनी पेनला टोपण लावलं. एरवी त्या डायरी रात्रीच्या जेवणानंतर लिहीत, भांडी डिशवॉशरला लागल्यावर. बावन्न वर्षांत ती वेळ फारशी चुकली नव्हती. पती यशोधन गेले त्या दिवशीसुद्धा त्यांनी रात्रीच लिहिलं होतं. आज मात्र फोन ठेवल्या ठेवल्या वही काढली, कारण चूक कागदावर उतरल्याशिवाय तिचं काय करायचं ते त्यांना सुचत नसे.

नीलामावशी मूळच्या नागपूरच्या. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या सिस्टरांनी मुलींना दोन सवयी लावल्या होत्या, रोज पाच ओळी लिहायच्या आणि कुठल्याही कागदाची मागची बाजू आधी वाचायची. लग्नानंतर डॉक्टर नवऱ्याबरोबर त्या अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत आल्या, गावाच्या लायब्ररीत सव्वीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या, नागरिकत्व घेतलं आणि तेव्हापासून एकही निवडणूक सोडली नाही. गावच्या स्थानिक निवडणुकीला शंभरातली दहा माणसंही येत नाहीत. त्या दहांत मावशी असत, बर्फ असो की ताप.

म्हणून अनुष्का राज्याच्या सिनेटला उभं राहायचं म्हणाली, तेव्हा ती पहिल्यांदा आली ती मावशींकडे. अनुष्का त्यांच्या मैत्रिणीची मुलगी, इथेच जन्मलेली, शाळेतल्या मुलांना बोलायला शिकवणारी थेरपिस्ट. राज्याची सिनेट म्हणजे बॉस्टनला भरते ती. चाळीस जागा, दर दोन वर्षांनी निवडणूक. पक्षाच्या प्राथमिक फेरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला मतदारसंघातल्या तीनशे नोंदलेल्या मतदारांच्या सह्या लागतात. गावोगावचे क्लार्क एकेक सही मतदार यादीशी ताडून पाहतात आणि मगच ती धरतात.

"मावशी, डोन्ट पॅनिक, ओके?" अनुष्का फोनवर म्हणाली होती.

"मी कधी पॅनिक झालेय?"

"टाउन हॉलमधून शीट परत आली. फोर्टीन कट झाल्यात. टोटलमध्ये आपण बारानं शॉर्ट आहोत. मी स्कूल सुटलं की सुपरमार्केटसमोर उभी राहते."

"पावसात?"

"मग काय करू, यार? सॉरी, मावशी."

अनुष्कानं पाठवलेला फोटो मावशींनी आयपॅडवर मोठा करून पाहिला. चौदा जणींपुढे एकच अक्षर मारलं होतं. त्याचा अर्थ, या पत्त्यावर या नावाचा मतदार नाही. तिघींचं त्यांना लगेच उमगलं, त्यांनी नाव नोंदवलंच नव्हतं. पण बाकीच्या अकरा जणी वर्षानुवर्षं मतदान करणाऱ्या, काहींना तर मावशींनीच गाडीतून नेलेलं. मग यादीत त्या नाहीत म्हणजे काय?

त्यांनी कोऱ्या फॉर्मची मागची बाजू पुन्हा वाचली. सही ‘नोंदणीत आहे तशी’ करावी. हे त्यांनी मार्चमध्ये सह्या घेतानाही वाचलं होतं. वाचून, भजनाच्या दिवशी जमलेल्या बायकांना मराठीत सांगताना म्हणाल्या होत्या, "नेहमी करता तशी सही करा."

नेहमी करता तशी! आणि तिथेच सगळं बिघडलं होतं. या बायकांची लग्नं झाली तेव्हा नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं आणि ते त्यांना चिकटलं. सासरी तेच, मैत्रिणींत तेच, इथल्या महाराष्ट्र मंडळातही तेच. पण पासपोर्ट घाईघाईत शाळेच्या दाखल्यावरून निघाले होते. आडनाव तेवढं नवऱ्याचं लागलं, पहिलं नाव माहेरचं राहिलं. पुढे ग्रीन कार्ड, नागरिकत्व, मतदार यादी, सगळीकडे तेच. मावशींचं नाव त्यांच्या वडिलांनी बदलू दिलं नव्हतं. म्हणून हा घोटाळा त्यांच्या डोक्यात कधी आलाच नाही.

संध्याकाळी त्या फोन घेऊन बसल्या.

"नीना, तुझं खरं नाव काय गं?"

"खरं म्हणजे?"

"सरकारी."

"अगं, पस्तीस वर्षं माझ्याकडचा फराळ खातेस आणि आज नाव विचारतेस?" नीना हसत सुटली. मग म्हणाली, "चंपा. हसलीस तर सही मिळणार नाही."

"हसले नाही."

"हसलीस. ऐकू आलं."

एकीला तर आठवावं लागलं. तिनं फोन बाजूला ठेवला, ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि वाचून दाखवलं. एकीच्या मुलाला, विक्रमला, आईचं हे नाव बिलांवर येतं ते कुणा आजीचं आहे असंच वाटत होतं. अकरांपैकी दोघी भारतात गेल्या होत्या. उरल्या नऊ. रात्री अनुष्काचा मेसेज आला, पावसात दोन तास उभं राहून सात सह्या मिळाल्या, त्यातले चार जण दुसऱ्याच मतदारसंघातले निघाले. म्हणजे तीन. बारातून तीन गेले की नऊ. मावशींकडे नऊच बायका होत्या. एकही गळून चालणार नव्हती.

मंगळवारी सकाळी साडेनऊला त्या आपली जुनी गाडी घेऊन निघाल्या. वय सत्त्याहत्तर. हायवेवर जात नाहीत आणि अंधारात चालवत नाहीत, बाकी कुठेही जातात. प्रत्येक घरी नवा कागद पुढे ठेवला, आधी यादीतलं नाव विचारलं, मग सही होईपर्यंत समोर बसल्या. नीनानं ‘चंपा’ अशी लफ्फेदार सही केली आणि म्हणाली, "शाळेत असताना अशीच करायचे." एकीनं चुकून पुन्हा सासरचं नाव लिहायला घेतलं, तिचा हात मावशींनी वरच्यावर धरला. चहा सगळीकडे आला. त्यांनी दोनच घरी घेतला.

सव्वातीनपर्यंत आठ झाल्या. नववं घर सुलेखाचं.

दार तिच्या नवऱ्यानं, चारुदत्तांनी उघडलं. निवृत्त इंजिनिअर, एक्याऐंशी वर्षांचे, यशोधनांचे जुने दोस्त. "या वहिनी. सुलेखा झोपलीय. तीनची गोळी घेतली की तास सव्वा तास उठत नाही. द्या इकडे, मी करतो सही."

मावशींनी कागद दिला नाही. आयपॅडवर पाहिलेला जुन्या कागदाचा फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यावरची सुलेखाची सही सरळ, नेटकी होती. आणि सुलेखाचे हात पार्किन्सन्सनं गेली चार वर्षं थरथरत होते. हे त्यांच्या तेव्हा लक्षात कसं आलं नाही?

"भाऊजी, मार्चमधली सही तुम्ही केली होती?"

"मग कोण करणार? डॉक्टरचे फॉर्म, विम्याचे फॉर्म, सगळीकडे मीच करतो. तुम्ही कागद दिलात, नेहमीची सही म्हणालात, मी आत नेला, ‘सुलेखा’ करून आणला."

"ही तिचीच लागेल."

"वहिनी, चार वाजत आले. पाचला तिथलं दार बंद होतं. एका सहीसाठी त्या पोरीचं इलेक्शन घालवणार आहात का तुम्ही?"

"घालवणार नाही. बसणार आहे."

"त्या सिस्टरांनी तुम्हाला कायमचं बिघडवून ठेवलंय."

"चहा करताय का?"

चारुदत्तांनी चहा केला, पण भांड्यांच्या आवाजावरून किती रागानं ते कळत होतं. मावशी बैठकीच्या खोलीत घड्याळासमोर बसल्या. चार वाजले. चार दहा झाले. त्या काही दगडाच्या नव्हत्या. पेन पर्समध्ये होतं, कागद मांडीवर होता, आणि टाउन हॉलमधली बाई सुलेखाला ओळखत नव्हती. अनुष्का काल दोन तास पावसात उभी होती. एक ओळ, दहा सेकंद. त्यांनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. तीनशेच्या वर एकही सही नसताना त्यातली एक खोटी असली, तर अनुष्काच्या नावाखाली जमीनच नव्हती. आणि तसं काही झालं नाही तरी, सुलेखानं न दिलेली गोष्ट तिच्या घरातून उचलून न्यायची हे त्यांना जमणारं नव्हतं.

चार वीसला आतून वॉकरचा आवाज आला.

"नीला? अगं कधी आलीस? मला उठवायचं नाही का?"

"गोळी घेतलीस म्हणाले. सुलेखा, तुझी सही हवीय. अनुष्काच्या निवडणुकीसाठी."

"मागे केली ना मी?"

"नाही केलीस."

सुलेखानं नवऱ्याकडे पाहिलं. "मला न विचारता?"

"विचारलं होतं. तू हो म्हणालीस."

"टीव्ही चालू असला की मी कशालाही हो म्हणते. माहीत नाही तुम्हाला?" ती मावशींकडे वळली. "थांब, मला नीट सांग. ती दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला गेली होती ना नोकरीला? तसं चालतं?"

घड्याळाकडे न बघता मावशींनी नीट सांगितलं. निवडणुकीआधीची सलग पाच वर्षं या राज्यात राहिलेलं असावं लागतं, आणि निवडणुकीच्या वेळी मतदारसंघात घर असावं लागतं. अनुष्का परत आल्याला ऑगस्टमध्ये सहा वर्षं होतील.

"तुझ्या डायरीत असेलच."

"आहे."

"आणि वयाची अट?"

"नाही."

"मग आपणच उभ्या राहू की गं!" सुलेखा हसली. "दे पेन."

तिनं पेन धरलं, पण हात ऐकेना. टोक कागदाच्या वर वर नाचत राहिलं. "नाव सुलेखा आणि अक्षर बघ," ती म्हणाली.

"फॉर्मच्या मागे लिहिलंय," मावशी म्हणाल्या, "आजारपणानं लिहिता येत नसेल, तर त्या माणसाच्या सांगण्यावरून, त्याच्यासमोर, दुसऱ्यानं लिहिलेलं चालतं. तू सांग, मी लिहिते. पण सांगायचं तू."

"काय सांगू?"

"यादीत आहे ते नाव."

सुलेखानं पेन मावशींच्या हातात दिलं. मग वर्गात हजेरी द्यावी तशी स्पष्ट म्हणाली, "द्वारका." पाठोपाठ आडनाव, घर नंबर, रस्ता.

चारुदत्त स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभे होते. "पन्नास वर्षं फॉर्मांवर लिहितोय हे नाव," ते म्हणाले. "तिच्या तोंडून आज ऐकलं."

"तुम्ही कधी हाक मारलीत?" सुलेखा म्हणाली. "जा नीला, पळ आता. मला नंतर फोन कर."

मावशी पळाल्या नाहीत. त्यांनी सीट बेल्ट लावला, आरसा पाहिला आणि शाळेपाशी वीस मैलांच्या वर काटा जाऊ दिला नाही. टाउन हॉलच्या काउंटरवरच्या बाईनं कागदावर शिक्का मारला, चार एकोणपन्नास. मागे रांग नव्हती, म्हणून तिनं तिथेच कॉम्प्युटरवर नावं पाहायला घेतली. नवव्या नावापाशी ती अडखळली.

"द... वार... का. बरोबर म्हणतेय ना मी?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"अगदी बरोबर," मावशी म्हणाल्या.

सहा वाजता अनुष्काचा फोन आला. ती बोलत होती की रडत होती ते पहिल्यांदा कळेना. "मावशी, थ्री हंड्रेड. एक्झॅक्टली थ्री हंड्रेड! आय कान्ट बिलीव्ह इट. पण कोणी ऑब्जेक्शन घेतलं तर? एकही एक्स्ट्रा नाहीये."

"घेऊ दे. आठ जणींना मी समोर बसून सही करताना पाहिलंय. नवव्या नावाचं अक्षर माझं आहे, पण शब्द तिचा. विचारायला आलं कोणी, तर मी त्याला तिच्याकडे घेऊन जाईन."

"मावशी, तू कसली भारी आहेस."

"मार्चमध्ये नीट सांगितलं असतं तर तुला पावसात उभं राहावं लागलं नसतं. जेवलीस का?"

सुलेखाला फोन झाला, तो अर्धा तास चालला. मग मावशींनी भाताला कुकर लावला, जेवल्या, भांडी डिशवॉशरला लावली आणि वही उघडली. पहिल्या ओळीत नऊ जणींची यादीतली नावं लिहिली, पूर्ण, आडनावांसकट. दुसऱ्या ओळीत आकडा, तीनशे. आणि त्याखाली:

सकाळी चादरी धुतल्या. ड्रायरची जाळी साफ केली.