मोठ्याने वाचणारी खाला

खाला गोष्टीतल्या माणसांशी भांडायची. मनातल्या मनात नव्हे, चांगली खणखणीत. टीव्हीवरची सून सासूपुढे मान खाली घालून उभी राहिली, की खाला खुर्चीतून ओरडायची, "अगो बोल ना! जीभ काय माहेरी ठेवून आलीस?" दर गुरुवारी ती आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला, पलीकडे दिलेल्या लेकीकडे जायची. हातात डब्यांची पिशवी, नाकावरून घसरलेला चष्मा, आणि बसायला जागा नसली तर कुणाला तरी उठवून ती करून घ्यायची. खाला म्हणजे मावशी. माझी ती सख्खी कुणी नव्हे, पण बोटीवर ती सगळ्यांचीच खाला होती. कोळणींची, तिकीटवाल्याची, मोटरसायकलवाल्या पोरांचीसुद्धा.

मी पलीकडे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायचे आणि उरलेल्या वेळात मोबाईलवरचे गेम लिहायचे. गेम म्हटलं की लोकांना धाडधाड बंदुकाच आठवतात. माझे तसले नव्हेत. थोडी गोष्ट वाचायची, मग समोर दोन-तीन वाटा येतात, त्यातली एक आपण निवडायची, आणि गोष्ट त्या वाटेने पुढे जाते. पहिला गेम मी इंग्रजीत केला, का, तर म्हणे जगभरचे लोक खेळतील. जगभरातून माझे दोन चुलतभाऊ खेळले. त्यातल्या एकाने तर अर्ध्यात सोडला.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी सरळ मुदतच घातली. "दिवाळीपर्यंत तुझ्या मनासारखं कर. तोवर यात पोट भरेल असं दिसलं नाही, तर हे सगळं बंद. गुमान बँकेच्या परीक्षेला बसायचं." बाबा एकदा बोलले की बोलले. मग मी मराठीत नवा गेम लिहायला घेतला. खाडीकाठची सुमन नावाची मुलगी, घर सोडून गेलेल्या भावाला शोधायला निघते. दर गुरुवारी एक नवा भाग. तो टाकून बोटीत बसायचं आणि कुणी उघडला का, हे बघत राहायचं.

"सारखी सारखी काय बघतेस त्यात?" खालाने एके दिवशी विचारलंच. "कोण आजारी हाय काय?"

"नाही गं खाला. माझा गेम कुणी खेळतंय का बघते."

"मग दे हिकडं. मी खेळते."

आता खालाला मनात वाचता यायचं नाही. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, तिथे बाईंनी मोठ्याने वाचायची सवय लावली ती जन्मभर राहिली. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून तिने माझी गोष्ट वाचायला सुरुवात केली, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजूबाजूच्या बायका ऐकायला लागल्या. पोरं हेडफोन काढून जवळ सरकली. सुमनला भावाची बातमी कळते आणि ती तशीच धावत सुटते, इथवर खाला आली आणि एकदम थांबली.

"पळाली? आणि दांडीवर वाळत घातलेले बोंबील?"

"अगं खाला, भाऊ हरवलाय तिचा!"

"भाऊ धा दिवस हरवलाय, अजून घटकाभर हरवेल. आभाळ आलंय असं तूच लिवलंस ना वरती? आईने एवढे बोंबील साफ केले, ते भिजवायचे? असल्या पोरीला मी न्हाय शोधू देत भाऊबिऊ!"

सगळी बोट खालाच्या बाजूने. एक कोळीण तर पाटीवर हात आपटून म्हणाली, "व्हय, बोंबील आधी." मी चिडले. घरी जाऊन आईपुढे तणतणले, अडाणी लोक म्हणून नावं ठेवली. आणि मग मुकाट्याने आणखी एक वाट लिहिली: आधी बोंबील आत घे. पुढच्या गुरुवारी खालाने ती निवडली आणि बोटीत टाळ्या पडल्या. शप्पथ सांगते, तेवढा आनंद मला नंतर कशानेच झाला नाही.

तेव्हापासून तसंच चाललं. खाला वाचायची, वाटा आल्या की सगळ्यांना विचारायची, आरडाओरडा व्हायचा, आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांची वाट धरायची. एकट्या माणसाने गुपचूप खेळायचा म्हणून लिहिलेला गेम बोटभर माणसं मिळून खेळत होती. माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला, पण पडला. गेमच्या पहिल्याच पानावर मी लिहून टाकलं: "हा खेळ एकट्याने खेळू नका. मोठ्याने वाचा." प्रत्येक भागाबरोबर खालाची त्या आठवड्याची तक्रारही छापायला लागले. हळूहळू लोक कळवू लागले, की आम्ही जेवणानंतर सगळे मिळून खेळतो, आजीला ऐकू येत नाही तरी मत तीच देते. मग दर महिन्याला आपणहून थोडेफार पैसे पाठवणारेही निघाले.

खाला प्रचाराला उतरली ती वेगळीच. हरिहरेश्वरला निघालेल्या गाड्या बोटीवर चढल्या की ही काचा वाजवायची. "ओ मुंबईवाले! आमच्या पोरीचा गेम घ्या. मराठी हाय, चावत न्हाय!" मी लाजेने दुसरीकडे बघायचे. तिला म्हटलं, खाला, असं बरं दिसत नाही. तर म्हणाली, "मासळी इकताना कोळीण लाजली तर तिची पोरं काय खातील? तू लिव. लाजायचं काम माझ्यावर सोड, मला जमत न्हाय ते." आणि हसत सुटली. बाबांना मात्र यातलं काही पटत नव्हतं. "परक्या माणसांच्या लहरीवर घर चालतं का?" हा त्यांचा प्रश्न.

पावसाळा सरता सरता खाला आजारी पडली. तिला अलिबागला दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे मी भेटायला गेले. वाचायची ताकद तिच्यात उरली नव्हती, म्हणून नवा भाग मीच वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होती. वाटलं, झोप लागली. तर हळूच म्हणाली, "पोरगी सकाळपासून चालते हाय. तिला कायतरी खायला घाल गो." मी तिथेच बसून सुमनच्या हातात भाकरी दिली. दिवाळी तोंडावर असताना खाला गेली.

तिच्या घरी भेटायला बाबाही माझ्याबरोबर आले. खालाचा मुलगा इम्रान कुवेतहून आला होता. "जय भीम, मास्तर," म्हणून त्याने बाबांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही सुमनवाली ना? अम्मी दर गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायची. दुसऱ्या दिवशी आम्हाला सुट्टी. माझ्या खोलीतली आपल्याकडची सगळी पोरं जमायची, ती वाचायची, आम्ही ओरडायचो. खरं सांगू मास्तर, एरवी फोनवर जेवलास का, जेवलीस का, याच्यापुढे आमचं बोलणं जात नव्हतं. हिच्या गेममुळे ह्या वर्षी मी अम्मीशी पोटभर बोललो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता गुरुवारी खोली नुसती गप्प बसेल."

मुरुडला घरी येईपर्यंत बाबा एसटीच्या खिडकीबाहेर बघत होते. दिवाळी आली तशी गेली. बँकेच्या परीक्षेचं नाव त्यांनी काढलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. इम्रान परत गेला त्यानंतरच्या गुरुवारी मला लिहावंसंच वाटेना. दुपारी बाबा दारात येऊन उभे राहिले.

"आज नवा भाग नाही?"

"कुणासाठी लिहू, बाबा?"

"ती कुवेतची पोरं वाट बघत असतील. ऊठ, लिही. आणि त्या इम्रानचा नंबर देऊन ठेव. मी वाचतो."

संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, घसा खाकरला आणि शाळेत वाचायचे तसं एकेक शब्द तोलून वाचायला लागले. व्हिडिओ कॉलवर पलीकडे खोली भरलेली. वाटा आल्या आणि तिकडून एकच कालवा उठला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड तोंडावर ओढणी दाबून रडत होते.

"गप्प!" बाबा मोबाईलवर गरजले. "एकेकाने हात वर करा."

आणि कुवेतच्या त्या खोलीत सगळे हात वर गेले.