वर्दीवरचा लाल रंग

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की तुम्ही सुचवलेला युद्धाचा नवा सिनेमा मी पाहिला का आणि मला रडू आलं का. अर्धा पाहिला. रडू आलं नाही. नायकाच्या बायकोला बातमी कळते आणि ती हातातल्या बांगड्या भिंतीवर आपटते, तिथे मी टीव्ही बंद केला आणि चहा टाकला. तुम्ही म्हणालात, "अगं आजी, किती आदराने बनवलाय. सुरुवातीलाच सगळ्या जवानांना अर्पण केलाय." फोनवर बोलले असते तर नुसतं चिडल्यासारखं वाटलं असतं. म्हणून लिहिते, आणि पहिल्यापासून लिहिते.

तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ फौजेत होता. तो लढाईत गेला. बातमी आली तेव्हा मी सासरी होते, निलंग्याच्या पुढे, मांजरेच्या काठच्या आमच्या गावात. त्याची बायको, माझी धाकटी जाऊ, चुलीपुढे होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, भाजून खाली काढली, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि मगच ती उठली. आवाज केला नाही. शेजारणी जमल्या. आमचं धम्मदीक्षा घेतलेलं घर, जुने विधी सोडून बरीच वर्षं झालेली, पण हातांना वळण जुनंच असतं. एक म्हातारी बांगड्या फोडायला तिचा हात धरायला पुढे झाली. सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. ज्यांचा लेक गेला होता, त्या.

"सोड तिचा हात. माझ्या लेकानं भरल्यात त्या. आपल्यात आता हे न्हाई."

बांगड्या राहिल्या. हिरव्या काचेच्या, शेवटच्या सुट्टीत त्याने निलंग्याच्या बाजारात भरलेल्या. काच ती, कामाधामात फुटायचीच. फुटली की धाकटी कासाराकडे जाऊन त्याच रंगाची भरून घ्यायची. कुणी टोमणा मारला तर म्हणायची, "तुझ्या डोळ्यांत खुपत असंल तर डोळं झाक."

पुढे लातूर जिल्हा झाला. आम्ही तोवर लातूरला राहायला आलो होतो आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते; सासूबाई आणि धाकटी गावीच होत्या. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग वाळतो न वाळतो तोच पाऊस गेला. मांजरा आटली, पात्रात नुसती वाळू. अशा वेळी मुंबईहून सिनेमावाले आले. त्यांना लढाईसाठी वाळवंट हवं होतं. खऱ्या वाळवंटापेक्षा आमची नदी त्यांना स्वस्त पडली.

रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसं नदीत शत्रूची प्रेतं म्हणून झोपू लागली. मधल्या वेळात सावलीला बसून पाणी मिळायचं, म्हणून लोक खूश होते. आमचा एक शेजारी प्रेत असताना पाठ खाजवायचा, म्हणून त्याला सारखा ओरडा बसे. सासूबाई रोज काठावर जाऊन बसत. नायक गोळी लागल्यावर भाषण करत करत पडायचा, मग पुन्हा उठून पहिल्यापासून पडायचा. त्या म्हणाल्या, "अगं बया, किती येळ मरायलाय ह्यो!"

गावात एका जवानाचं घर आहे हे दिग्दर्शकाला कळलं. तो घरी आला, सासूबाईंच्या पाया पडला, भिंतीवरच्या फोटोला हार घातला. त्याचे डोळे भरून आले, असं धाकटीने नंतर सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. त्याने दोन गोष्टी मागितल्या. नायकाच्या अंगावर खरी वर्दी आणि शेवटच्या प्रसंगासाठी खरं घर. धाकटीने ट्रंक उघडली. फौजेतून परत आलेलं सामान त्यात होतं. तिने वर्दी त्याच्या हातात दिली आणि एकच अट घातली.

"जसं झालं तसं दावायचं. मी भाकरी भाजली, तसं. बांगड्या राहिल्या, तसं."

"जसं तुम्ही सांगाल तसंच, ताई," तो म्हणाला.

सुट्टी होती, म्हणून घरातल्या चित्रीकरणाच्या दिवशी मी गावी गेले होते. चुलीपुढे नटी, बातमी यायच्या आधीच पांढऱ्या पातळात. शेजारी टोपलीभर हिरव्या बांगड्या, प्रत्येक वेळी नव्या फोडायला. बातमी आली, नटीने किंकाळी फोडली, हात भिंतीवर आपटले. दिग्दर्शकाला किंकाळी कमी वाटली. पुन्हा बांगड्या भरल्या, पुन्हा फोडल्या. सासूबाईंनी लिंपलेल्या भुईवर काचा पसरल्या. धाकटी दारात उभी होती. तिसऱ्यांदा नटीने हात उचलला, तेव्हा ती सरळ आत गेली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"बंद करा. ह्या घरात असं झालं न्हाई."

दिग्दर्शक समजुतीने म्हणाला, "ताई, लोकांना रडू आलं पाहिजे ना. हातात बांगड्या असल्या तर विधवा कोण मानेल?"

"हे बघा," तिने दोन्ही हात त्याच्या पुढे धरले. "मी हाय. माना."

"अहो, हे तुमच्या नवऱ्याच्या सन्मानासाठीच चाललंय."

"लोकास्नी रडवायला गेला नव्हता त्यो. कामावर गेला होता."

मग तो माझ्याकडे वळला. मी शिकलेली, धाकटी माझं ऐकेल, असं त्याला वाटलं असावं. इंग्रजीत म्हणाला, की पडद्याची म्हणून एक भाषा असते, हे तुम्ही त्यांना समजावा. मी त्याला इंग्रजीतच विचारलं, की माझी जाऊ काय म्हणाली ते तुम्हाला समजलं का? तो म्हणाला, समजलं. मग आता कुणाला समजावायचं उरलं नाही, मी म्हणाले.

बाहेर कुजबुज वाढली. सिनेमा गेला की पुन्हा उन्हात खडी. पाठ खाजवणारा शेजारी दारातूनच म्हणाला, "वहिनी, काचाच हायत. फोडू द्या की. आमच्या पोटावर का उठलाव?"

हे तिला लागलं. मला दिसलं. ज्यांच्यासोबत ती पाण्याच्या रांगेत उभी राहायची तीच ही माणसं. तिचा नवरा कसा गेला आणि ती कशी राहिली, एवढंच तिचं स्वतःचं होतं, तेही आता दुसरा कुणी ठरवणार होता.

"दुसऱ्याच्या घरात फोडू द्या," ती म्हणाली. "आणि माझी वर्दी आणा."

वर्दी आली. नायकाचे दंड दिसावेत म्हणून दोन्ही बाह्या खांद्यापाशी कापल्या होत्या. छातीवर लाल रंग ओतलेला. धाकटीने ती उलटसुलट पाहिली. "बाह्या कुठं हायत?" कुणालाच सांगता येईना. शेवटी दिवेवाल्यांकडे सापडल्या. तापलेले दिवे हलवताना चटका बसू नये म्हणून त्या हाताला गुंडाळायला घेतल्या होत्या. दिग्दर्शक नवी शिवून देतो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. फक्त त्याला आमचं ऐकायचं नव्हतं, आणि ऐकल्याशिवाय आदर कसला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

गावात टँकरचं पाणी घागरीच्या हिशोबाने मिळे. धाकटीने आमच्या वाट्याची घागर परातीत ओतली आणि वर्दी धुवायला घेतली. पाणी लाल झालं. मला वाटलं, सासूबाई पाण्यावरून बोलतील. त्या आत गेल्या, प्यायची म्हणून झाकून ठेवलेली दुसरी घागरही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नीट धू. डाग राहू दिऊ नको." बाह्या धाकटीने हाताने शिवल्या. टाके दिसतात. ट्रंक आता माझ्याकडे आहे, आलात की दाखवीन.

सिनेमावाल्यांनी दुसऱ्या वस्तीतलं घर घेतलं. गावातल्या लोकांचं नदीतलं कामही चालूच राहिलं, पण काहीजण धाकटीशी बरेच दिवस बोलले नाहीत. तिने त्यांना समजावलं नाही, माफीही मागितली नाही.

सिनेमा लातूरला लागला तेव्हा धाकटी स्वतःहून एसटीने आली. "चल अक्का, बघू तर काय केलंय." दुपारचा खेळ, थिएटर भरलेलं. सुरुवातीला पडद्यावर अक्षरं आली, की हा चित्रपट वीर जवानांना आणि त्यांच्या कुटुंबांना सादर अर्पण. टाळ्या पडल्या. शेवटी नटीने बांगड्या फोडल्या आणि आमच्या आजूबाजूला बायका हुंदके द्यायला लागल्या. धाकटीच्या ओटीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. ती एकेक फोडून खात होती, आणि हात हलला की तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मागचा एक माणूस वाकून म्हणाला, "ओ बाई, हात खाली ठेवा. इथं शहिदाच्या घरचं चाललंय, जरा तरी मान ठेवा."

धाकटी वळली. अंधारात तिने त्याला नीट पाहून घेतलं.

"कुणाच्या घरचं म्हनलात?" तिने विचारलं, आणि पुढची शेंग फोडली.