लेंग्यातली कुसळं

सासऱ्यांच्या लेंग्यात कुसळं सापडली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मशीनमधून धुऊन निघाला तरी ती कापडाला तशीच चिकटून होती. एक काढायला गेले तर बोटातच घुसलं.

"मामा, कुठं गेलता?"

"रंकाळ्यावर की. फिरायला."

साफ थाप! मी माळावरच्या गावची पोर, मला कुसळी गवत शिकवताय? त्याला मुरमाड उतार लागतो. रंकाळ्याच्या ओल्या काठावर ते कशाला उगवेल? उन्हाळ्यात वरून वाळून जातं, वणव्यात जळतं, पण ठोंब मुळाशी जिवंत राहतो आणि दरवर्षी पावसाला तिथूनच फुटतो. कोवळं असताना जनावरं आवडीनं खातात. पिकलं की मात्र त्याच्या बीला सुईसारखं टोक येतं आणि मागं लांब, पीळ पडलेली शेपटी. खात्री करायला मी एक कुसळ ओल्या फडक्यावर ठेवलं. पीळ सोडत ते गरागरा फिरलं. कुसळीच होतं.

मामांच्या हृदयात स्टेंट आहे. चढ चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. नवरा दिवसभर शिरोलीत फौंड्रीवर. म्हणजे यांना माळावर काही झालं तर जाब मीच द्यायचा. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

त्यातच गॅलरीतला त्यांचा फोन कानावर आला. "पावणं, उद्या येतोय. घरात कुणाला कळू द्यायचं न्हाय."

आता आमच्या शिवाजी पेठेत रिक्षावालाही पावणं आणि गिऱ्हाईकही पावणं. पण लपूनछपून बोलावं असा पावणा म्हणजे प्लॉटचा एजंटच! म्हाताऱ्यांना माळ दाखवत हिंडवणारी ही जात मला ठाऊक आहे. मी चिडून माझ्या वडिलांना फोन लावला. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहतात, एका म्हशीसोबत.

"जाऊ दे की पोरी. भला माणूस हाय."

त्यांनी इतक्या चटकन व्याह्याची बाजू घ्यावी, हेही मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी मामा एसटीत बसले. मी तोंडाला स्कार्फ बांधून मोपेडवरून मागं. रस्ता ओळखीचा लागला तसा संशय आणखी वाढला. हे तर माझ्या माहेराकडं निघाले होते! माझ्या कागाळ्या सांगायला?

गावाबाहेर गाडी लावली, स्कार्फ सोडून हँडलला बांधला आणि माळ चढले. गवत तांबूस पिकलं होतं, कुसळं शेंड्याशी एकमेकांत गुंतली होती. मामा विळ्यानं गवत कापत होते. माझे वडील खाली बसून हातानं चाचपत पेंढ्या बांधत होते. हा तो पावणा.

मला बघताच मामांचा विळा थांबला. "त्यांनीच शप्पत घातलीया," ते हळूच म्हणाले. "पोरगी म्हस इकाय लावंल म्हंत्यात."

मला काही कळेना. मी वडिलांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. पाचोळा वाजला तशी त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कोण? पावणं, कुणाकडं आलाय?"

स्कार्फ खाली गाडीलाच होता.