सुमेधचे हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आई होती तेव्हा तिलाही नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तो आता नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — नीट कळत नाही. घरात बोलायला कुणी उरलं नाही, एवढंच असेल.

सुमेध माझा धाकटा भाऊ. लहानपणी एका तापातून उठला तेव्हापासून त्याचे हात किंचित थरथरायचे. फार नाही — पण कामठीच्या आमच्या घरात ती कायमची थट्टा होती. "सुमेधच्या हातचा चहा म्हंजे अर्धा कपात, अर्धा बशीत," मामा म्हणायचे. तोही हसायचा.

वाडीच्या गोदामात नोकरी लागल्यावर त्यानं गेमिंग कॉम्प्युटर करायचं ठरवलं. तयार घेणं परवडत नव्हतं, आणि त्याला ते नकोही होतं. स्वतःच्या हातानं जोडायचा होता. दर पगाराला एक वस्तू. ग्राफिक्स कार्ड जुनं चालेल, कॅबिनेट साधं, रंगीत दिवे नकोत. पण पॉवर सप्लाय चांगलाच — तिथं काटकसर केली तर सगळंच जळतं, हे तो मला जेवताना समजावायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयातली बाई, मला त्यातलं फारसं कळत नसे. पण बोलताना त्याचा चेहरा उजळायचा, म्हणून मी विचारत राहायचे. हा जमला की मित्रांचेही जोडून द्यायचे, पुढेमागे सदरच्या बाजारात या कामाचं एखादं टेबल मांडायचं — इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

ज्यावर सगळं बसतं तो मदरबोर्ड आला, तेव्हा प्रोसेसर यायचा होता. खोका पलंगाखाली सारताना म्हणाला, "ताई, बाकी सारं उघडून पाह्य, पण याले हात नको लावू वं."

मी लावला. एका दुपारी, घरात एकटी असताना. का? हेवा होता का तो? वाट पाहावी असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं — म्हणून? प्रोसेसर बसतो त्या चौकोनावरचं प्लॅस्टिकचं झाकण मी काढलं. खाली केसाहून बारीक सोनेरी पिना, धानाच्या रोपांसारख्या दाट. वाकून पाहताना ओढणीची झालर त्यांच्यात अडकली. मी ओढली. तेवढंच. — झाकण लावलं, खोका होता तसा ठेवला.

प्रोसेसर आला. रविवारी त्यानं पलंगावर सगळं जोडलं, श्वास रोखून. पंखे फिरले. स्क्रीन काळीच राहिली.

सदरच्या दुकानात मीही सोबत गेले. दुकानदारानं प्रोसेसर उचलून टॉर्च धरला. "पिना वाकल्या न भाऊ. बसवताना हात हलला काय गा? हे वॉरंटीत नाही येत."

सुमेधनं माझ्याकडे पाहिलं. हसायचा प्रयत्न केला.

"हलला असंन," तो म्हणाला. "माहे हातच तसे हायेत."

तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य लागलं असतं. मी काउंटरवर टांगलेल्या माउसच्या किमती वाचत राहिले.

घरी येताना ऑटोत तो हात मांड्यांखाली दाबून बसला होता. नवा बोर्ड मी घेऊन देते म्हटलं — केवढं औदार्य माझं! "काहून? तो बी मोडून ठेवीन," तो म्हणाला. मग एकेक वस्तू विकून टाकली. सदरच्या टेबलाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे उचलणं त्यानं सोडलं. मामांची थट्टा आता तोच आधी करून मोकळा व्हायचा. साधा बल्ब बदलायचा तर — "ताई, तूच लाव."

आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं म्हणत आले. खरं ते नव्हतंच. त्याच्या नजरेतली ताई मला गमवायची नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली, ती उतरलीच नाही. दवाखान्यात तो पाणी मागायचा, आणि ग्लास पुढे केला की मान हलवायचा. "तूच पाज. माह्याकडून सांडते."

मी पाजत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तो पूर्ण शुद्धीवर होता. मी पदरानं त्याचे ओठ टिपले, आणि गप्प राहिले.