टाकीमागचा गहू

ही हकीगत मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली नाही असं नव्हे. वेळ आली की मी दुसरंच काही बोलत असे: हवा, कॉफी, कावेरीला पाणी सोडलं की नाही. टाळायचं एकदा ठरलं की माणसाला विषय कमी पडत नाहीत.

आमच्या गावातल्या महामहम तळ्याच्या काठी सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी रसाची एक गाडी उभी असते. कोहळ्याचा रस, केळीच्या गाभ्याचा रस, आणि कडेला एका ट्रेमध्ये हिरवेगार गव्हांकुर. गाडीवाला मला तमिळमध्ये हाक मारतो, "तात्ता, तुमच्या वयाला हेच पाहिजे, एक ग्लास घ्या की." आजोबा म्हणून तो प्रेमानं बोलावतो. मी मान हलवतो आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालू लागतो.

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट पक्की झालेली आहे. माझी बायको गेली ती पुण्याहून आलेल्या सुनेनं तिला पाजलेल्या गवताच्या रसानं. तंजावरपासून चेन्नईपर्यंत आमची जी काही मराठी घरं उरली आहेत, तिथं ही गोष्ट अशीच सांगतात. ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे फक्त मला ठाऊक आहे.

माझं पितळी भांड्यांचं दुकान होतं. समया, पराती, घागरी. बायकोला लहानपणी ताप आला होता, त्यानं तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली. पुढे शस्त्रक्रिया करून धातूची झडप बसवली. शुद्धीवर आल्यावर तिनं मला विचारलं, "पितळेची आहे का हो? म्हणजे सणावाराला चिंच लावून घासायला बरी." अशी ती होती.

त्या झडपेपायी तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागे आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासून घ्यावं लागे. तंजावरच्या डॉक्टरांनी खाण्याची बंदी अशी केली नव्हती. ते म्हणाले होते, "पालेभाजी खा, पण रोज सारखीच खा. एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका. आणि नवीन काही सुरू केलं तर आधी मला सांगा." बायको शेवग्याचा पाला, चवळी, तांदुळजा बेतानंच खाई. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं.

मग मुलगा पुण्याची सून घेऊन आला. तिकडची मुलगी आमच्या घरात किती पिढ्यांनी आली असेल, देव जाणे. नोकरी दोघांची संगणकावरची, घरातून करता येणारी. आईच्या तब्येतीपायी ती दोघं इथंच राहिली. सुनेला आमची मराठी ऐकून हसू येई. बायकोनं तिला मला 'मामंजी' म्हणायला शिकवलं, तेव्हा ती म्हणाली, "हा शब्द मी फक्त पणजीच्या तोंडून ऐकलाय." पण म्हणू लागली, आणि गोड म्हणायची.

त्या वर्षी नवरात्रात बायकोनं नेहमीप्रमाणे घट बसवला. मातीत गहू पेरले, वर कलश ठेवला. शेजारच्या तमिळ घरांत बाहुल्या मांडतात, आमच्याकडे घट. आम्ही दोन्ही पाहून येतो. काही दिवसांत कलशाभोवती अंकुर उभे राहिले.

सून म्हणाली, "आमच्याकडे ह्याचा रस पितात."

"देवापुढचा?"

"नाही हो आई, वेगळा पेरून. तब्येतीला चांगला असतो."

"म्हणजे पुण्यात गायी उपाशीच की गे!"

दोघी इतक्या हसल्या की मी दुकानाची किल्ली हातात घेऊन तिथंच उभा राहिलो.

आमच्या भागात गहू म्हणजे पथ्याचं धान्य. साखरेचा आजार झाला की डॉक्टर सांगतात, रात्री भात नको, गव्हाचं खा. शेतात तो आम्ही पाहिलेलाच नाही. त्यामुळे गच्चीवर सुनेच्या निळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेंमधून तो उगवला, तेव्हा बायकोला त्याचं अप्रूप वाटलं. गहू भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, ओल्या मातीवर पसरून झाकायचे. पांढरी टोकं दिसली की सावलीत उघडे ठेवायचे. वीतभर झाले की कात्रीनं कापून, पाण्यात वाटून, गाळून प्यायचे. चव आधी गोडसर, मग कच्च्या गवताची, आणि ती घशात बराच वेळ राहते. सून स्वतःसाठी करी. हळूहळू बायको तिच्याबरोबर पिऊ लागली. घर एक झालं होतं, मलाही ते बरं वाटत होतं. डॉक्टरांचं वाक्य आम्हा दोघांपैकी कोणाला आठवलं नाही. गवत म्हणजे काही औषध नव्हे, असंच वाटलं.

सुनेला मात्र गोळीचं पथ्य नीटसं ठाऊक नव्हतं. ते कळलं त्याच दिवशी तिनं वाचून काढलं, आणि जेवताना ताट बाजूला सारून म्हणाली, "आई, तुम्ही रस नका घेऊ. ह्यात के जीवनसत्त्व असतं. ते रक्त गोठायला मदत करतं, आणि तुमची गोळी नेमकी त्याच्या उलट काम करते. मला आधी माहीत असायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी तिनं ट्रे धुऊन माळ्यावर टाकले. तिनं स्वतःही प्यायचं सोडलं, म्हणजे सासूला मोह नको. मला जिन्यात थांबवून वेगळं सांगितलं, "मामंजी, तुम्ही लक्ष ठेवा हं. आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगू या." मी हो म्हणालो.

हो म्हणालो, आणि थोड्याच दिवसांत माळ्यावरचा एक ट्रे खाली काढला.

ह्याचं कारण लिहिताना मला अजून अडखळायला होतं. मी तोवर दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. सगळं आयुष्य मी दुकानात काढलेलं. घरात बसायला लागलो तेव्हा बायकोशी काय बोलायचं, ते मला येईना. ती पोथी वाची, मी पेपर. पण सुनेचे ट्रे होते तेव्हा पाणी घालायच्या निमित्तानं आम्ही दोघं सकाळी गच्चीवर जात होतो, आणि तिथं ती बोलायची. माहेरचं, मुलाच्या लहानपणचं, एकदा तर लग्नाआधी मला पाहून ती काय म्हणाली होती तेही. ट्रे गेले आणि ते बोलणंही गेलं.

दुसरं कारण दुकानदाराला न शोभणारं आहे. गाडीवाल्याकडून मी एक छापील कागद आणला होता. गव्हांकुरातला हिरवा रंग माणसाच्या रक्ताच्या जवळचा, एका पेल्यात टोपलीभर भाजीचं सत्त्व, थकवा जातो, रक्त शुद्ध होतं. माल विकणाऱ्याची भाषा मी जन्मभर बोललो, ती मला ओळखू यायला हवी होती. आज मला कळतं की ती एक पालेभाजी आहे. हिरवा रंग, अ आणि क जीवनसत्त्व, थोडं लोह, आणि ते के. शेवग्याच्या पाल्यात असतं तसंच; आणि पाल्याची निदान भाजी होते, पोट भरतं. पण बायको म्हणायची, "रस घेतला की जिने चढताना दम लागत नाही." एके दिवशी तीच म्हणाली, "मज एक घोट तरी द्या की हो. तिला कशाला सांगायचं?" कोणी सांगायची मी वाटच पाहत होतो.

पाण्याच्या टाकीमागे, भिंतीला टेकलेल्या पत्र्याखाली मी तो ट्रे ठेवला. सून सकाळी फोनवर कामात असे, तेव्हा आम्ही वर जात असू. घोटाचा अर्धा पेला झाला, अर्ध्याचा भरून झाला. बायको पदरानं ओठ पुसून म्हणे, "चोर कुठले." पन्नाशीनंतर संसारात असं काही पुन्हा वाट्याला येईल, असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या तपासणीत रक्ताचा आकडा बिघडलेला निघाला. रक्त हवं तितकं पातळ राहत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल?"

सूनच बोलली, "मध्ये गव्हांकुराचा रस घेत होत्या. मला कळलं तसा मी बंद केला."

"बंद केला ना? बरं केलंत. मग आता आणखी काही?" हे विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही माझ्याकडे पाहिलं. सुनेसमोर माझ्या तोंडून ते निघेना.

"नाही," मी म्हणालो. "तेच जेवण."

त्यांनी गोळी थोडी वाढवली आणि लवकरच पुन्हा बोलावलं. परतीच्या बसमध्ये सून पुढे बसली होती. बायको हळूच म्हणाली, "सांगायला हवं होतं."

"पुढच्या खेपेला सांगतो."

वाटेवरचं तिरुवलंचुळी आलं. तिनं नेहमीसारखे खिडकीतून तिथल्या विनायकाला हात जोडले. रस आता तोडावा की चालू ठेवावा, हेही मला कळेना. विचारावं तर डॉक्टरांनाच, आणि विचारलं तर सगळंच उघडं पडणार. म्हणून चालू ठेवला.

पुढची खेप आली नाही. एका सकाळी गच्चीवर तिच्या हातातून पेला पडला. ती वाकून उचलायला गेली आणि उजवा हात उठेना. मी खाली सून आणि मुलाला हाका मारल्या. ती दोघं वर यायच्या आत मी पेला टाकीमागे सरकवला. बायको खाली पडलेली, आणि मी आधी पेला सरकवला.

नंतर काही आठवडे ती अंथरुणावर होती. वाचा गेली होती, डावा हात तेवढा चालत होता. सून तिचं सगळं करी. ती जवळ आली की बायको तिचं मनगट धरायची आणि मग ते सोडून त्याच हातानं वर बोट दाखवायची. पुन्हा मनगट, पुन्हा वर. सून विचारायची, "पंखा? ऊन हवंय का आई?" बायको मान हलवायची आणि माझ्याकडे बघायची. गच्ची. ती गच्ची दाखवत होती. मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

तिची थोरली बहीण तंजावरहून आली होती. ती म्हणाली, "देव बोलावतो म्हणते ती." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हौ. देवच."

त्यानंतर बायकोनं बोट वर केलं नाही.

ती गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं होतं. त्यांच्यासमोर त्याच बहिणीनं सुनेला विचारलं, "तुमच्या पुण्यास सासवांना गवत घालतात का गे? माझ्या बहिणीस गाय केलंस." सुनेनं माझ्याकडे पाहिलं. रस तिनं बंद केला होता, एवढं तरी मामंजी सांगतील, अशी तिची नजर होती. मी समईची वात सारखी करत राहिलो. मुलगा चिडून मावशीवर ओरडला, तेव्हा सूनच त्याला म्हणाली, "राहू दे. सुरू मीच केलं होतं ना."

एका डॉक्टरांना मी पुढे आडून विचारलं. ते म्हणाले, अशा दुखण्यात ह्याच एका गोष्टीनं झालं असं कोणी सांगू शकत नाही. ते खरं असेल. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते मी दिलं नाही. ह्यात शंकेला जागा नाही.

मुलगा आणि सून बंगळूरला गेली. इथं मी एकटा. सकाळी दूध तापवतो, एका माणसाची कॉफी करतो. फिल्टरमधलं डिकॉक्शन मात्र अजून दोघांचं पडतं. सून फोन करते. 'मामंजी' म्हणते, औषधं विचारते, आणि मी हवेचं सांगतो. तिनं तिच्या घरी घट बसवणं सोडलं आहे, हे मला मुलाकडून कळलं.

गेल्या नवरात्रात ती दोघं इथं आली. घटाची तयारी सुनेनंच केली. माती चाळली, गहू भिजवले, आणि मग ताटली माझ्यापुढे धरून म्हणाली, "पेरा तुम्ही. माझा हात नको."

मी पेरले. माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला ती गच्चीवर गेली. मी मागून पोचलो तेव्हा ती टाकीमागे बसली होती. पत्रा बाजूला केला होता. निळा ट्रे, त्यात वाळून तडकलेली माती आणि जटेसारखी मुळं. तो मी कधी काढला नव्हता. काढायला गेलो की हात मागे येई.

"हा माझा ट्रे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं मी सगळे काढले. एक राहिलाच हो, मामंजी. आई ह्यातलं घेत असतील का? त्या वर बोट दाखवायच्या..." तिनं पत्र्याकडे पाहिलं. "मी नीट पाहायला हवं होतं."

ती मातीवर हात ठेवून बसून राहिली. आम्ही दोघंच होतो. खाली कोणी नव्हतं, मुलगा बाजारात गेला होता. इतकी जागा मला आयुष्यात कोणी मोकळी करून दिली नव्हती.

"ऊन चढलंय," मी म्हणालो. "खाली चल."

दसऱ्यानंतर ती दोघं निघाली. स्टेशनवर मी खिडकीच्या गजांना धरून उभा होतो. रात्रभर जुळवलेलं वाक्य तोंडात होतं. "पाणी घेतलंस ना?" मी विचारलं. तिनं बाटली वर करून दाखवली. गाडी हलली.

पोरी, तू सगळे ट्रे काढले होतेस. तो एक मी परत नेऊन ठेवला. रस मी पाजला, डॉक्टरांशी खोटं मी बोललो, आणि तुझी सासू वर बोट करून तुला तेवढंच सांगत होती. तुझा हात चांगला आहे. मला क्षमा कर.